विमानाचा पांगुळगाडा

जळगाव जामोदच्या मिडल शाळेत मी रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी एक उंच, वाळकुडे गृहस्थ माझ्या सायकलीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी पुढचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग मागचं दाबलं. मला वाटलं, हवा कमी असेल, माणूस भला दिसतो. मी आभार मानणार एवढ्यात ते म्हणाले, "ट्यूब जुनी हाय वाटते. चिरली तं मले सांगजा. दुसऱ्या कोनाले देऊ नोका."

हे आमचे ड्रॉइंग मास्तर. पुढं दीड वर्ष मी त्यांच्याच घराच्या पुढल्या खोलीत राहिलो, त्यांच्या बायकोला वहिनी म्हणू लागलो, आणि माझ्या सायकलीची मागची ट्यूब चिरली तेव्हा इमानानं ती त्यांच्या हवाली केली. त्या दिवशी त्यांना जो आनंद झाला तसा आनंद लोकांना मुलाच्या बारशाला होतो. ट्यूब घेऊन ते ओसरीवर बसले आणि कात्रीनं तिच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या कापत राहिले. जेवायला दोनदा हाक आली, उठले नाहीत.

लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपुरात निघत आणि आमच्या गावी पोचेपर्यंत शिळे होत. रॉकेल मिळत नव्हतं, रबर तर दिसेनासं झालं होतं. सायकलवाला एकाच ट्यूबवर ठिगळावर ठिगळ चढवत होता. आणि अशा काळात आमचे मास्तर रबराच्या जोरावर लढाऊ विमान उडवायला निघाले होते.

विमान अजून उडलं नव्हतं, पण गावाला त्याची सवय झाली होती. मास्तर रस्त्यानं वर बघत चालत, त्यामुळं गावातल्या प्रत्येक नालीत ते एकदा तरी उतरले होते. वर्गात शिकवता शिकवता मध्येच बोट ओलं करून खिडकीबाहेर धरत आणि वारा कुठला आहे ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. छत्री पावसासाठी नसे. जोराचा वारा सुटला की भर उन्हात ती उघडून मैदानात उभे राहत आणि ती हाताला किती ओढते ते डोळे मिटून अजमावत. पोरांना सुरईचं चित्र शिकवताना म्हणत, सुरई काढू नका, सुरईच्या भोवतीची हवा काढा, सुरई आपोआप राहते. निम्म्या पोरांना ते कळत नसे. ज्यांना कळे त्यांच्या सुरया मात्र अशा येत, की हेडमास्तरांनी त्या ऑफिसात टांगल्या होत्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "फेकल्यावर तं धोंडाही उडते." वशिल्यानं वर चढलेल्या माणसाविषयी ते हेच म्हणत. कॉपी करून पास झालेल्या पोराविषयीही हेच. आणि विमानाच्या बाबतीत तर ही त्यांची प्रतिज्ञाच होती. मी पहिल्यांदा ते विमान पाहिलं तेव्हा म्हणालो, हातात धरून पतंगासारखं सोडून दिलं तर उडेल की. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या देवघरात जोडे घालून शिरलो होतो.

"भाऊ," ते म्हणाले, "ते भुईवरून पयालं पाह्यजे. पयता पयता त्याचं त्यालेच वाटलं पाह्यजे का आता भुई नोको."

विमान मात्र देखणं होतं, यात शंका नाही. वर्तमानपत्रातल्या एका पुसट चित्रावरून त्यांनी ते मोठं करून काढलं होतं. चार फूट पंख. सातपुड्याच्या पायथ्याकडून आणलेल्या पांगाऱ्याच्या लाकडाचा सांगाडा, बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद आणि खळ. पुढचा पंखा शिवणीच्या लाकडाचा, काचेच्या तुकड्यानं घासून घासून आरशासारखा केलेला. पोटातून रबराच्या पट्ट्यांचा जुडगा. सुताराच्या गिरमिटाला आकडा लावून ते त्या रबराला पीळ देत आणि पीळ मोठ्यानं मोजत. कुणीतरी विचारलं होतं, हे इंग्रजाचं का जर्मनचं? मास्तर म्हणाले, "माहं."

त्या विमानाला पाय नव्हते. खऱ्या लढाऊ विमानाची चाकं, ते वर गेलं की, पोटात जातात, हे मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. उडणाऱ्या घारीचे पाय लोंबताना कोणी पाहिलेत का, असं ते विचारत. म्हणून विमानाला चाकं लावायची नाहीत. चाकं लावायची ती खालच्या गाडीला. विमान गाडीवर बसेल, गाडी पळेल, वेग आला की विमान वर जाईल आणि गाडी खाली राहील. एवढं ऐकायला सोपं. दीड वर्ष मी त्या एका गाडीपायी काय काय पाहिलं ते मलाच माहीत.

पहिली गाडी वहिनींच्या शिवणाच्या रिळांची. चार हात गेली आणि कलंडली. दुसरी डब्याच्या झाकणांची. ती सरळ जायलाच तयार नव्हती, कुत्रं शेपटीमागं फिरतं तशी गोल फिरे. तिसरीची चाकं फळी कापून केली होती, ती पहिल्याच बैलगाडीच्या चाकोरीत रुतली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत. घरातलं लाटणं, पाटाच्या आडव्या पट्ट्या, चाळणीचा घेरा असं एकेक नाहीसं होई तेव्हा त्या बोलत, पण त्या बोलण्यात धार नसे. मला चहा देताना म्हणत, "भाऊजी, तुमच्या सायकलीले कुलूप लावत जा. चाकं गोल हायेत तिचे."

मास्तरांचं दुखणं नेमकं तेच होतं. चाक गोल मिळत नव्हतं. "गोल म्हंजे गोल," ते म्हणत, "नुसतं गोल दिसनारं नाई."

आणि एके दिवशी त्यांच्याकडे तीन चाकं आली. वितीपेक्षा लहान, काळसर, शिसवीची, तेल पिऊन चकचकीत झालेली. मी एक चाक पाटावर उभं करून सोडलं तर ते थेट भिंतीपर्यंत गेलं, तसूभरही डावं-उजवं झालं नाही. मी विचारलं, कुठं मिळाली? "होते घरी," असं म्हणून ते खाली बघत खिळा ठोकू लागले. नेहमी एका प्रश्नाला दहा वाक्यं बोलणारा माणूस दोन शब्दांत आटोपला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. चाकांच्या आनंदात मीही होतो.

त्याच सुमारास शाळेची तपासणी आली. लढाईसंबंधी मुलांकडून काहीतरी करून घेऊन साहेबांना दाखवावं, असा वरून कागद आला होता. हेडमास्तर सज्जन, पण घाबरट गृहस्थ. त्यांना मास्तरांच्या विमानाची आठवण झाली. पण ते हलणार नाही ना, असं त्यांनी तीनदा विचारलं. नुसतं टेबलावर ठेवा, साहेब बघतील आणि पुढं जातील. मास्तर म्हणाले, "टेबलावर ठेवाले ते काय फुलदानी हाय?" शेवटी मैदानात एकदाच उडवून दाखवायचं ठरलं. हेडमास्तरांनी हो म्हटलं खरं, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नसणार.

मांडव घातला. गावातले प्रतिष्ठित आले, एका बाजूला बायकांची बैठक होती, तिथं वहिनीही येऊन बसल्या. इन्स्पेक्टरसाहेब पांढऱ्या पोशाखात टेबलामागं बसले, समोर शेरेबुक आणि दौत. मास्तरांनी धुवट धोतर नेसलं होतं. गाडी खडबडीत भुईवर उसळली तर विमान खाली पडेल, म्हणून त्यांनी ते गाडीला सुतळीनं बांधलं होतं. गाठ सुरगाठीची. सुतळीचं टोक त्यांच्या हातात. वेग आला की टोक ओढायचं, गाठ सुटेल, विमान मोकळं होईल.

पीळ मोजून झाला. मास्तरांनी पंखा सोडला. पंखा असा घणघणला की पुढच्या रांगेतली माणसं मागं सरली. आणि गाडी पळाली. सरळ, सुतासारखी सरळ. दहा हात, पंधरा हात. मास्तर सुतळी धरून बाजूनं धावत होते. त्यांनी टोक ओढलं. गाठ सुटली नाही, आवळली. आणि विमान उठलं. गाडीसकट उठलं. हातभर वर गेलं, गाडीच्या भारानं डावीकडं कललं आणि तसंच मांडवात शिरलं. गाडी टेबलावर आपटली, दौत उपडी झाली, शेरेबुकावरून शाईचा ओघळ साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर उतरला. विमान खांबाला धडकून खाली पडलं. एक पंख मोडला.

साहेबांनी शेरेबुकाचं कोरडं पान शोधलं आणि चार ओळी लिहिल्या.

पण मी साहेबांकडे बघत नव्हतो. गाडीचं एक चाक निखळून गरगरत बायकांच्या बैठकीकडं गेलं होतं, आणि वहिनींनी ते उचललं होतं. त्या चाकाकडं बघत होत्या. उलटून पाहिलं. मग ते पदरात गुंडाळलं आणि सगळ्यांच्या मधून उठून घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांनी मला सांगितलं. त्यांना एक मुलगी झाली होती. दहा महिन्यांची झाली, भिंत धरून उभी राहू लागली. मास्तरांनी शिसवीचा तुकडा आणून स्वतः चाकं कातली, कळकाची हलकी चौकट केली, वर धरायला आडवी काठी लावली. असा पांगुळगाडा गावात कुणाकडे नव्हता. गाडा तयार झाला त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. ताप पाचव्या दिवशी तिला घेऊन गेला. तो गाडा वहिनींनी माळ्यावर ठेवला होता. पुढं मूल झालं नाही. दर दसऱ्याला त्या तो खाली काढून तेलाच्या फडक्यानं पुसून परत ठेवत. चौदा वर्षं.

"मले वाटलं," मास्तर म्हणाले, "चाक हाय तं ते फिरलं पाह्यजे."

मी विचारलं, वहिनींना विचारलं होतं का?

"इचारलं असतं तं नाई म्हनली असती." त्यांनी मैदानाकडं मान वळवली. "म्हनून नाई इचारलं. हेच चुकलं."

त्यानंतर आठ दिवस त्या घरात वहिनी माझ्याशी बोलत होत्या, शेजारणीशी बोलत होत्या, गाईशी बोलत होत्या. मास्तरांशी नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वेळेवर पुढं येई, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला असे, धोतर घडी होऊन खुंटीवर असे. मास्तर ओसरीवर खाली मान घालून बसत. वारा सुटे, पण छत्री खुंटीला तशीच. चौथ्या दिवशी त्यांनी, वहिनींनी गाड्यापाशी नेऊन ठेवलेल्या चाकासकट, तिन्ही चाकं धुऊन, तेल लावून पांगुळगाड्याला परत बसवली. मोडका आस नवा केला. गाडा होता तसा माळ्यावर नेऊन ठेवला. वहिनींनी ते पाहिलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेल्या.

त्यातच बदलीचा हुकूम आला. शेरेबुकातल्या चार ओळींचं फळ. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दुसरबीडला, प्राथमिक वर्गावर. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं. मास्तरांनी हुकूम वाचून खिशात ठेवला आणि पाचवीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात वारा लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दाढी करत होतो. मास्तर ट्रंकेत पुस्तकं भरत होते. मोडका पंख डिंकानं जोडून विमान भिंतीला उभं करून ठेवलेलं. तेवढ्यात वहिनी माळ्यावरून उतरल्या. हातात पांगुळगाडा. त्यांनी तो मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, खांद्यावरची चुंबळ काढून त्याच्या चौकटीवर ठेवली आणि नवव्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"बांधता काऊन त्याले?"

मास्तर ट्रंकेवरून मान वर करून म्हणाले, "नाई बांधलं तं पडते ना."

"घागर पडते का माह्या डोक्यावरून? विहिरीवरून इथपर्यंत येतो मी, वाटंत गोटे हायेत, चढ हाय. चुंबळीले घागर बांधतो का मी?" त्यांनी त्या चुंबळीवर तळहात ठेवला. "आपल्या भारानं बसते ते. उचलाची झाली का सरळ उचलते. तुमचं विमान वर जाईन तं त्याचा भार कमी होईन का नाई? मंग सुटनच ना ते. गाठ पाह्यजे कायले?"

माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मास्तर उठले, बसले, परत उठले. त्यांनी चुंबळ उचलली, ठेवली, विमानाचं पोट तिच्यावर टेकवून पाहिलं, हलवून पाहिलं, गाडा गदगदा हलवला. विमान हललं नाही. मग एका बोटानं दोन्ही पंख खालून उचलले. विमान अगदी अलगद वर आलं. मास्तर मला म्हणाले, "भाऊ, दीड वरीस." एवढंच. मग चुंबळ हातात घेऊन अंगणात गेले आणि दोन चकरा मारून परत आले.

वहिनींनी दोन अटी घातल्या. चाकं काढायची नाहीत, गाडा आहे तसा राहील आणि विमान त्याच्यावरच बसेल. आणि बाकी जे काही करायचं ते आधी विचारून करायचं. मास्तरांनी दोन्ही कबूल केल्या. लगेच पहिला प्रश्न आला. गाड्याची वरची आडवी काठी विमानाच्या नाकाच्या आड येत होती. तिच्या खालचे दोन उभे खुंट मात्र हवे होते, पंखाची पुढची कड त्यांना टेकली असती, विमान पुढं ओढलं गेलं की गाडाही ओढला गेला असता. मास्तर काठीकडं बघत, पण विचारायला धजत नव्हते. वहिनींनी ते ओळखलं. त्या काठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, खुंट्या सैल केल्या आणि काठी स्वतः काढून देवघरात नेऊन ठेवली.

पुढचे तीन दिवस त्या घरात जी धांदल उडाली ती मी कधी विसरणार नाही. वहिनींनी जुन्या लुगड्याच्या दोन लांबट चुंबळी वळल्या, एक पोटाखाली, एक शेपटीखाली. मास्तर दर तासाला विमान ठेवून, उचलून बघत. कुठं कागद चुंबळीला अडकतो, कुठं खुंट घासतो. ट्रंक अर्धी भरून तशीच उघडी राहिली. माझ्या सायकलीची दुसरी ट्यूबही चिरलेली नसताना मी देऊन टाकली आणि शाळेत पायी जाऊ लागलो. जेवताना दोघं नवराबायको चाकाच्या तेलावरून वाद घालत. एरंडेल का करडईचं. आठ दिवसांचं सगळं तुंबलेलं बोलणं त्या गाड्यावरून वाहून चाललं होतं.

जागेचा प्रश्न वहिनींनीच सोडवला. गावाबाहेर कापसाच्या जिनिंगमागं मुरुमाचं पटांगण होतं. हंगामात तिथं गाड्यांची गर्दी असे, पण तो महिना मोकळा. जरासा उतार, वारा समोरून. फक्त बारीक खडे फार. वहिनी म्हणाल्या, "खडे हायेत तं सारवू." मला वाटलं थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी, शेजारणीनं आणि मी, तिघांनी मिळून चाळीस हात लांब, तीन हात रुंद पट्टा झाडून शेणानं सारवून काढला. जिनिंगचा चौकीदार कमरेवर हात ठेवून बघत होता. इथं लग्न हाय का, असं त्यानं विचारलं. "हाव," वहिनी म्हणाल्या.

सकाळ उजाडली. सारवण वाळून घट्ट झालं होतं. समोर सातपुड्याची निळी रांग, तिकडून येणारा वारा अगदी एकसारखा. मास्तरांनी बोट ओलं केलं आणि हसले, ते मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. त्यांनी विमान गाड्यावर ठेवलं. नुसतं ठेवलं. मी गिरमिटानं पीळ देऊ लागलो, ते मोजू लागले. आवाज चढत गेला. तेवढ्यात हेडमास्तर आले. मास्तरांकडून ड्रॉइंगच्या कपाटाची किल्ली घ्यायची राहिली होती, म्हणून शोधत इथवर आले होते. सारवलेला पट्टा, विमान आणि पदर खोचून उभ्या वहिनी पाहून ते सायकल धरून तिथंच उभे राहिले.

पीळ देऊन झाला. मास्तरांनी पंखा धरला होता, शेपटीपाशी मी. मास्तर एकदम म्हणाले, "भाऊ, तुमी बाजूले व्हा." मग बायकोला म्हणाले, "तू सोड."

वहिनी गाड्यामागं गुडघ्यावर बसल्या. दोन्ही हातांनी गाडा धरला. मास्तरांनी पंखा सोडून बाजूला उडी मारली. पंखा घणघणला, गाडा वहिनींच्या हातात थरथरू लागला. त्यांनी एक क्षण धरून ठेवला. आणि सोडला.

गाडा निघाला. काय तो निघाला! शिसवीची चाकं सारवणावरून नुसती सूं करत गेली. पाच हात, दहा हात, विमान चुंबळीवर बसलेलं, शांत, डोक्यावरच्या घागरीसारखं. पंधरा हात. मास्तर धावत नव्हते, जागेवर उभे राहून मुठी आवळून "भुई नोको, भुई नोको," असं पुटपुटत होते. वीस हात. शेपटी चुंबळीवरून उठली. आणि मग मला विमान आणि गाडा यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसली. बोटभर. मग वीतभर. मग त्या दोघांमध्ये सातपुडा दिसू लागला.

विमान वर गेलं. गाडा पट्ट्यावरून एकटाच पळत राहिला, हळू झाला, थांबला. विमान जिनिंगच्या टिनाच्या छपरावरून गेलं, डावीकडं कललं, उन्हात त्याचा कागद चमकला, आणि त्यानं असं मोठं, सावकाश वळण घेतलं, की आम्ही सगळे त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरलो. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. चौकीदार ओरडत होता. हेडमास्तरांच्या हातातली सायकल पडली ती त्यांनी उचलली नाही. पीळ संपला, पंखा थांबला, तरी ते तरंगत राहिलं. मग हळूहळू उतरत पलीकडच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांवर जाऊन टेकलं.

मला वाटलं, मास्तर धावत सुटतील. ते मटकन खाली बसले. धावल्या त्या वहिनी. लुगड्याचा काष्टा सावरत, बांध ओलांडून, पऱ्हाट्या बाजूला सारत त्या शेतात शिरल्या. आम्ही बघत होतो. थोड्या वेळानं त्या परत येताना दिसल्या. विमान कडेवर घेतलेलं. एक हात त्याच्या पाठीला. मास्तरांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

हेडमास्तर मास्तरांच्या शेजारी मुरुमावर बसले. धोतराची पर्वा केली नाही. म्हणाले की मी आजच वर लिहितो, स्वतः बुलढाण्याला जातो, झालं ते चुकून झालं म्हणून सांगतो, बदली थांबेल. त्या घाबरट माणसानं हे बोलायला किती बळ एकवटलं असेल ते मला समजत होतं.

मास्तर म्हणाले, "नोका लिहू, साहेब. दुसरबीडले शाळेमागं पटांगन हाय. याच्या दुप्पट. मी पत्र टाकून इचारलं."

वहिनी तोवर जवळ आल्या होत्या. त्यांनी विमान खाली ठेवलं आणि विचारलं, "अन् पान्याचं? विहीर किती दूर हाय ते इचारलं का?"

मास्तर म्हणाले, "पान्याचं राह्यलं."

वहिनींनी कपाळाला हात लावला आणि हसू लागल्या. हेडमास्तरही हसू लागले. आम्ही सगळे त्या सारवलेल्या पट्ट्याच्या कडेला बसून हसत होतो.

दोन दिवसांनी ते गेले. मोटारीच्या टपावर ट्रंक, वळकटी, भांड्यांचं पोतं. गाडा वहिनींनी टपावर ठेवू दिला नाही. तो मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. मास्तर मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा बघत होते.

पत्रं येत होती, लहान लहान. बहुतेक पत्रांत अक्षरं थोडी आणि चित्रं जास्त. एका पत्रात एकावर एक दोन पंखांचं विमान होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुमची वहिनी पट्टा तिरपा सारवायचा म्हणते, मी सरळ म्हणतो, तुम्ही येऊन निकाल द्या. दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो. चिखलीला मोटार बदलली, धुळीनं माखून दुपारी चारच्या सुमाराला दुसरबीडला उतरलो. रस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल होतं. बाहेर बाकावर एक शेतकरी बसला होता, त्याला मी विचारलं, शाळेतले ते नवे मास्तर कुठं राहतात?

त्यानं मला घर दाखवलं नाही. "आता कशाला सापडतेत घरी," तो म्हणाला, आणि हात वर करून त्यानं शाळेमागच्या आभाळात बोट दाखवलं, तिथं एक कागदी विमान सावकाश वळण घेत होतं.